बाझीलची हाक

आमच्या लाल गाई वासराशिवाय दूध देत नाहीत, आणि वासरं हाकेशिवाय येत नाहीत. हे दोन नियम देवाने घातले की आमच्या डोंगरातल्या कुणा रिकामटेकड्या म्हाताऱ्याने, ते मला ठाऊक नाही; पण या सालेर जातीच्या गाईला तिसरा नियम शिकवू शकलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. खालच्या खोऱ्यातल्या काळ्यापांढऱ्या गाईंना यंत्राची नळी लावली की झालं. आमची गाय आधी वासरू हुंगणार, वासरू चारी सडांना ढुशा देणार, मग कुठे तिला पान्हा फुटणार. तेवढ्यात वासराला ओढून तिच्या पुढच्या पायाशी बांधायचं, त्याच्या पाठीवर मीठ टाकायचं, आणि ती ते चाटत असताना आपण आपलं दूध काढून घ्यायचं. थोडक्यात, दोघांनाही फसवायचं आणि शेवटच्या चार धारा वासराला सोडून माफी मागायची.

हाक मारायचं काम माझ्या नवऱ्याचं, बाझीलचं. वासरांच्या खोपटाचं दार अर्धवट उघडून तो एकेका गाईचं नाव सूर ओढत घ्यायचा. ‘फ्रिपोन’ हे नाव तर तो एवढं लांबवायचा की तेवढ्यात माझा पाव कापून व्हायचा. आवाज खालून सुरू व्हायचा, वर चढायचा, आणि शेवटी जरासा फाटायचा. तो फाटला की त्या घोळक्यातून फ्रिपोनचंच वासरू बाहेर यायचं, दुसरं नाही. हिवाळ्यात जन्मलेली वासरं आईचं नाव त्याच्याच तोंडून शिकायची. मला एवढ्या वर्षांच्या संसारात जितक्या गोडीने त्याने हाक मारली नाही, तितक्या गोडीने तो फ्रिपोनला मारायचा. मी हे त्याला पुष्कळदा ऐकवलंही होतं. त्यावर त्याचं म्हणणं, तू चाळीस किलोचं चीज देतेस का?

चीज खरं तर मीच करायची. दूध कोमट असतानाच लाकडी पिंपात ओतायचं, वासराच्या पोटातलं विरजण घालायचं, साकळलं की कापायचं, दाबायचं, निवळी काढायची, पुन्हा दाबायचं, कुस्करून मीठ लावायचं, कापडात गुंडाळून साच्यात भरायचं आणि शेवटी तळघरात नेऊन महिनोन्‌महिने उलटंपालटं करत बसायचं. पिंप त्याच्या आजोबांच्या वेळचं. त्याला साबण कधी लागला नाही. त्या लाकडात जे काही मुरलेलं आहे त्यावरच आमचं चीज होतं. पण पिंप भरायला हवं. अर्ध्या पिंपातलं दूध साकळायच्या आधीच गार होतं, आणि गार दुधाचं चीज तळघरात जाऊन भेगाळतं.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी क्लेरमाँ शहरातल्या इस्पितळात बाझीलच्या घशातली गाठ काढली. गाठीबरोबर आवाजाची पेटीही गेली. गळ्याला एक भोक राहिलं, त्यातून श्वास. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने मला बाहेर बसवून सगळं समजावलं: जीव वाचलाय, बोलणं मात्र गेलं, कुजबुजसुद्धा येणार नाही. मी त्याचा हात धरून आभार मानले. घरी येताना गाडीत मात्र माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती सांगायची मला लाज वाटत नाही. गाईंना हाक कोण मारणार?

बाझीलच्याही डोक्यात तेच असणार, कारण घरी आल्यावर कोट न काढता तो सरळ गोठ्यात गेला. खोपटाचं दार उघडून उभा राहिला. तोंड उघडलं. वासरं त्याच्याकडे बघत राहिली. त्याने दार लावून घेतलं, आणि त्या दिवसापासून तो नुसते ओठसुद्धा हलवेनासा झाला. आवाज नाही तर ओठ कशाला हलवायचे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. हवं-नको ते हाताने दाखवायचा, तेही रागारागाने.

आम्ही काय काय केलं नाही? शिट्टी त्याला वाजवता येईना, कारण तोंडातून वाराच येत नव्हता. घंटा वाजवली तर सगळी वासरं एकदम बाहेर आली आणि गोठ्यात असा गोंधळ उडाला की मार्कीझ नावाच्या गाईने माझ्या हातातली बादली उडवली. मग मी स्वतः हाका मारायला लागले. माझा आवाज कसा आहे ते गावातल्या चर्चच्या गायकवृंदाला विचारा. त्यांनी मला फार वर्षांपूर्वी अतिशय नम्रपणे काढून टाकलं होतं. वासरं माझ्या हाकेने कोपऱ्यात सरकायची. त्यांना एकेक करून दाव्याने ओढत न्यावं तर ती चारी पाय रोवायची, आणि ओढून आणलेलं वासरू बघून गाय बिथरायची. बिथरलेली गाय पान्हा चोरते. कालांतराने सवय झाली असती म्हणा, पण नवं गवत काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. डोंगर हिरवागार, गाई भरलेल्या, आणि माझं पिंप अर्धं. त्या दिवसांत केलेलं सगळं चीज भेगाळलं. ते मी डुकरांना घातलं, आणि डुकरांनी ते आवडीने खाल्लं याचा मला आणखीच राग आला.

आमची मुलगी सोलांज ओरियाकला असते. ती फोनवर म्हणत होती, विका आता, माझ्याकडे या. मी फोन आपटला. पण बाझील एका दुपारी गाडी घेऊन गेला, आणि परत आल्यावर त्याने मला खिडकीशी नेलं, कुरणातल्या गाईंकडे बोट दाखवलं, मग रस्त्याकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सोमवारावर बोट टेकवलं. तो गुरांच्या दलालाकडे जाऊन आला होता. सोमवारी ट्रक येणार होता.

 लाल गाई गेल्या की पिंप वाळणार, वाळलं की लाकूड तडकणार, आणि मग पुन्हा कुणी गाई आणल्या तरी ते चीज व्हायचं नाही. आणि बाझील? मुका झालेला माणूस मी सांभाळला असता. पण सकाळी उठून कुठे जायचंय तेच ठाऊक नसलेला बाझील मला सांभाळता आला नसता. मी अंगावर शाल घेतली आणि ओढ्यापलीकडे मार्स्यालच्या घरी गेले.

मार्स्यालबद्दल सांगायला हवं. त्याचं शेत आमच्या समोर, मध्ये फक्त ओढा. वडील वारले तेव्हा त्याने लाल गाई विकल्या आणि काळ्यापांढऱ्या आणल्या. दूध टँकरवाला घेऊन जातो, चीज नाही, वासरं नाहीत, हाका नाहीत. उन्हाळ्यात वर चरायला पाठवलेली भाकड गुरं शरद ऋतूत डोंगरावरून खाली आली की गावात मोठं जेवण असतं. तिथे दरवर्षी दोन पेले पोटात गेले की मार्स्याल बाकावर चढायचा आणि बाझीलची नक्कल करायचा. टोपी मागे सारून, पोट पुढे काढून, डोळे मिटून, ‘फ्रिपोन’ अशी हाक द्यायचा आणि शेवटी आवाज फाडायचा. सगळं गाव पोट धरून हसायचं. एका वर्षी बाझील ताट अर्धं टाकून उठला. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ओढ्यावर समोरासमोर आले तरी एक वर बघायचा, एक खाली.

मार्स्याल स्वयंपाकघरात उभ्यानेच सूप पीत होता. बायको गेल्यापासून तो बसून जेवत नाही म्हणतात. मला बघून त्याने वाटी खाली ठेवली.

“बाझीलला काही झालं का?”

“त्याला व्हायचं ते होऊन गेलं. सोमवारी गाई चालल्या.”

 आमच्या गोठ्यातून आता हाक येत नाही हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक असणार.

“मी काय करू, लेओनी? यंत्र देऊ का माझं?”

“तुझं यंत्र तुलाच लखलाभ. मला बाझीलचा आवाज हवाय. तुझ्याकडे आहे.”

त्याचे कान लाल झाले. ती चेष्टा होती, तो म्हणाला, दारू बोलत होती. मी म्हटलं, ठाऊक आहे, मी बाझीलच्या शेजारीच बसलेली असायची. पण त्याचा आवाज टेपवर भरून ठेवायचं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. आता तो जगात फक्त तुझ्या घशात उरलाय.

“तो मला गोठ्यात पाय ठेवू देईल?”

“ओरडून हाकलणार नाही, एवढं नक्की.”

मार्स्यालला हसू आलं, आणि मग आपण हसलो याची त्याला लाज वाटली. त्याने खुंटीवरची टोपी घेतली.

संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. बाझील स्वयंपाकघरात चुलीकडे तोंड करून बसला होता. त्याला काही न सांगता मी मार्स्यालला मागच्या दाराने गोठ्यात नेलं. मी दूध काढायला बसायचं एका पायाचं स्टूल कमरेला बांधलं, मिठाची पिशवी अडकवली आणि त्याला खूण केली. त्याने खोपटाचं दार उघडलं, टोपी मागे सारली, पोट पुढे काढलं आणि हाक दिली. गावजेवणात द्यायचा तशीच, अगदी हुबेहूब. एकही वासरू हललं नाही.

त्याने पुन्हा हाक दिली, आणखी जोरात, शेवटी आवाज आणखी फाडून. वासरांनी कान हलवले, एवढंच.  आणि मग मला चूक कळली. बाझील ज्याच्यावर रागावून उठला होता ती हीच हाक. बाकावर उभं राहून माणसांना हसवायची हाक. गाईंना त्यात काय कळणार?

“मार्स्याल,” मी म्हटलं, “इथे कुणी हसणार नाहीये. तू रोज ओढ्यापलीकडून ऐकायचास, ती हाक मार.”

 मग त्याने टोपी काढून खिळ्याला अडकवली. पोट आत गेलं, खांदे खाली आले. आणि त्याने हलकेच, जवळजवळ स्वतःशीच, फ्रिपोनला बोलावलं. आवाज खालून आला, वर गेला, आणि शेवटी जरा फाटला. मुद्दाम फाडलेला नव्हे, थकलेल्या माणसाचा फाटतो तसा. माझ्या हातातलं मीठ सांडलं. खोपटाच्या मागच्या कोपऱ्यातून फ्रिपोनचं वासरू बाकीच्यांना ढकलत आलं, दारातून बाहेर पडलं, आणि सरळ आईच्या कासेला जाऊन भिडलं.

मी रडत दूध काढलं. गाईला त्याचं काही नव्हतं. तिला मीठ मिळत होतं. मार्कीझ, दुशेस, व्हियोलेत: मार्स्याल एकेकीला बोलावत गेला, आणि एकेक वासरू येत गेलं. पिंपात फेस वर चढत होता. मध्येच मी मान वर केली तर बाझील दारात उभा होता. आपला कोट दुसऱ्याच्या अंगावर बघावा तसा तो मार्स्यालकडे बघत होता. मार्स्यालला तो दिसला आणि हाक मधेच तुटली. बाझील माझ्याकडे वळला. त्याने काही खूण केली नाही, पण त्या नजरेचा अर्थ मला कळला: तू त्याच्या दारात गेलीस. मग तो वळून कुरणाकडे निघून गेला. त्या दिवशी तो जेवायला बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्स्याल आला, संध्याकाळीही आला. स्वतःच्या गाई उरकून ओढा ओलांडून यायचा, त्यामुळे आमचं दूध जरा उशिरा निघायचं. पिंप मात्र दोन्ही वेळा भरत होतं. बाझील गोठ्याकडे फिरकत नव्हता. सोमवारचं काय, हे त्याला विचारायचं माझं धाडस झालं नाही, आणि मला एखाद्या गोष्टीचं धाडस होत नाही असं सहसा घडत नाही.

सोमवारी आमचं दूध निघत असतानाच ट्रक आला. मी गोठ्यातून बघत होते. दलालाने मागचं फळकूट खाली पाडलं आणि बाझीलला विचारलं, काढायच्या का बाहेर? बाझील अंगणात उभा. आतून त्याचाच आवाज मार्कीझला बोलावत होता. बाझीलने तळहात वर केला: थांब. दलालाने एक सिगारेट संपवली, मग दुसरी. दूध काढून झालं तेव्हा बाझील त्याला आत घेऊन आला आणि पिंप दाखवलं. काठापर्यंत भरलेलं होतं. दलाल काय समजायचं ते समजला. मुक्या माणसाशी सौदा सोपा जाईल असं वाटलं होतं, असं पुटपुटत त्याने फळकूट वर केलं आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

गाई राहिल्या. पण माझ्याशी त्याचा अबोला गेला नाही. मुक्या माणसाचा अबोला कसा ओळखायचा म्हणाल तर नवरा असलेल्या कुठल्याही बाईला विचारा. जेवताना तो पावाकडे बघायचा. मी चीज दाबताना फळीची दुसरी बाजू धरायला तो पूर्वी आपण होऊन यायचा. आता मी बोलावल्यावर यायचा आणि काम झालं की जायचा. मी त्याच्या गाई वाचवल्या होत्या, आणि त्यासाठी त्याची अब्रू ओढ्यापलीकडे नेऊन गहाण टाकली होती. दोन्ही खरं होतं. मला पश्चात्ताप नव्हता. पण तो मला कधी माफ करणार नाही असं वाटून माझी झोप उडाली होती.

उन्हाळा चढला तसा तो हळूहळू गोठ्यात यायला लागला. आधी दारापर्यंत. मग एका सकाळी त्याने माझ्या कमरेची मिठाची पिशवी सोडवून घेतली आणि वासरांच्या पाठीवर मीठ तोच टाकू लागला. मार्स्यालने दुशेसची हाक जरा चढी लावली की तो हात खाली दाबून दाखवायचा, आणि मार्स्याल ती खाली आणायचा. दोघं एकमेकांकडे बघत नसत, पण काम चाललं होतं. मलाही मार्स्यालने सोबत हाक मारायला लावलं, त्याच्या मागोमाग, म्हणजे वासरांना माझ्या भसाड्या आवाजाची सवय होईल. येत्या हिवाळ्यातली वासरं पहिल्या दिवसापासून माझ्याच आवाजावर वाढवायची असं ठरलं. बिचारी.

एकदा मी मार्स्यालला विचारलं, तुला काय देऊ? त्याला चीज नको होतं, पैसे तर नकोच. मी फारच मागे लागले तेव्हा तो बादली धूत धूत म्हणाला:

“गावाला वाटायचं मी चेष्टा करतोय. मलाही तसंच वाटायचं. पण लाल गाई विकल्यापासून हाक मारायला मिळायची ती वर्षातनं तेवढी एकदाच, बाकावर चढून.”

एवढं बोलून तो गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. आयुष्यात कुणाचे उपकार घ्यायला मला कधी आवडलं नाही. उपकार करणाऱ्याला मी आधी दोन शब्द सुनावते आणि मगच घेते. पण त्या माणसाविषयी माझ्या मनात नुसतं भरून आलं होतं, आणि सुनावायला काही सापडत नव्हतं.

शरदात गुरं खाली आणायच्या आदल्या आठवड्यात एक चीज फोडायचं होतं: मार्स्यालने पहिल्यांदा हाक मारली त्या संध्याकाळच्या दुधाचं. बाझीलने तळघरातून ते वर आणलं. साल राखाडी-तांबूस, खडबडीत, आमच्या डोंगरासारखी. त्याने ते मधोमध कापलं. आत पिवळंधमक, एक भेग नाही. मार्स्याल जायला निघाला होता. बाझीलने त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं. त्या घरात मार्स्याल बसला असा तो पहिल्यांदाच. आम्ही तिघांनी खाल्लं. मला गवत लागलं, लोणी लागलं, जिभेच्या मागे थोडा चटका. 

मग बाझीलने मार्स्यालच्या हातावर टकटक केलं. स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मार्स्यालच्या गळ्याकडे, आणि मग माझ्याकडे. मला काही कळलं नाही. मार्स्यालला लगेच कळलं. त्याचा चेहरा उतरला, त्याने मान हलवून नको म्हटलं. बाझीलने पुन्हा गळ्याकडे बोट दाखवलं. आणि मग इस्पितळातून आल्यापासून जे त्याने केलं नव्हतं ते केलं. ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मार्स्याल त्या ओठांकडे बघत होता, आणि त्याच्या गळ्यातून बाझीलचा आवाज आला.

“लेओनी.”

मार्स्याल गोठ्यात आला त्या संध्याकाळपासून मी तो आवाज गाईंच्या नावांत ऐकत होते. माझं नाव त्यात ऐकलं नव्हतं. मी टेबलाची कड धरली.

“चीज चांगलं झालंय.” बाझीलचे ओठ, बाझीलचा आवाज, गळा मात्र मार्स्यालचा. “तू ह्याच्या दारात गेलीस. मी गेलो नसतो. मेलो असतो तरी गेलो नसतो. तू गेलीस, ते बरं केलंस.”

मार्स्यालच्या कपाळावर घाम आला होता. मी सरळ हाताने डोळे पुसले, आणि काहीतरी टोचून बोलावं म्हणून शब्द शोधत होते, तेवढ्यात बाझीलने तोंड मार्स्यालकडे वळवलं. ओठ पुन्हा हलले. या वेळी थोडं जास्त वेळ. मार्स्याल बघत राहिला. पण आवाज आला नाही.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

मार्स्यालने गुडघ्यावरची टोपी उचलली, पुन्हा ठेवली.

“ते तो मला एकट्याला म्हणाला,” तो स्वतःच्या आवाजात म्हणाला.

बाझीलने सुरी उचलली आणि त्याच्यासाठी चीजचा आणखी एक तुकडा कापला.